शाळेची परसबाग आणि तोडणीचा दिवस

"भेंडी तोडण्यात अभ्यासण्यासारखे असे काय आहे?" माझ्या प्रकल्पाचा विषय ऐकल्यावर बहुतेक सहाध्यायांनी हाच प्रश्न विचारला. एकाने तर, "त्यापेक्षा मंडईत जाऊन बस," असाही सल्ला दिला. त्यांना दोष देता येणार नाही. जून २०२४ मध्ये समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी आमच्या महाविद्यालयाच्या दत्तक गावातील प्राथमिक शाळेत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझीही समजूत फारशी वेगळी नव्हती. शाळेच्या परसबागेचा मुलांच्या आहारावर काय परिणाम होतो, किती किलो भाजी निघते, किती ताटांत पडते, एवढेच मला मोजायचे होते. तोडणीचा दिवस म्हणजे माझ्या दृष्टीने केवळ वजनकाट्याचा दिवस होता. प्रस्तुत लेखात मी जे मांडणार आहे ते या वजनकाट्याबाहेरचे आहे, आणि ते माझ्या लक्षात आले तेही माझ्याच एका चुकीमुळे. ही चूक आधी सांगितल्यावाचून पुढचा विचार वाचकांना पटणार नाही, म्हणून प्रारंभी तीच सांगते.

शाळा पहिली ते चौथीची, दोन शिक्षकांची. पटावर अडतीस मुले. इमारतीच्या मागे सुमारे अर्धा गुंठा जागा. मुले हात धुतात ते पाणी एका चरातून या जागेकडे वळवलेले होते. ही युक्ती कोणत्याही पुस्तकातली नव्हे. आपल्याकडे घराच्या परसात मोरीचे पाणी अळवाला आणि केळीला जाते, तीच ही रीत. 'परसबाग' हा शब्द आपण आता सरकारी कागदांतून वाचतो खरा, पण परस ही आपल्या घरांची जुनी जागा आहे. आजीने "चार अळवाची पाने आण गं," म्हटले की धावत जाऊन मोठी पाने आणायची आणि मधला कोंब सोडायचा, हे गावातल्या मुलाला शाळेत येण्याआधीच ठाऊक असते. म्हणजे तोडणीचे पहिले धडे मुले घरूनच घेऊन येतात. मला हे उशिरा उमगले.

२२ जूनच्या शनिवारी, दोन चांगले पाऊस झाल्यावर, पेरणी झाली. चार इयत्तांचे चार वाफे, शिवाय कुंपणाला दोडक्याचे वेल. भेंडी, गवार, मुळा आणि पालक गुरुजींनी ठरवले होते. पहिलीच्या वाफ्याच्या कडेला मुलांनी आपल्या मनानेच भुईमुगाची एक ओळ टोकली. "हे भाजीत येत नाही रे," असे गुरुजी म्हणाले, पण उपटायला सांगितले नाही. दर शनिवारी सकाळच्या शाळेला मी जात असे आणि वहीत नोंदी करीत असे. खुरपणी झाली, हळद्या पडलेली भेंडीची तीन झाडे उपटून लांब टाकली. हा रोग पांढरी माशी पसरवते, हे गुरुजींनी मुलांना आणि मला एकदमच सांगितले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भेंडी फुलली.

भेंडीचे फूल आपण पाहतो, पण निरखत नाही. फिकट पिवळ्या पाकळ्या आणि मध्यभागी गडद तांबडा डाग. सकाळी उमलते आणि त्याच दिवशी कोमेजते. फूल आल्यापासून साधारण पाच ते सात दिवसांत भेंडी तोडण्याजोगी होते. त्यानंतर ती वाढते, दिसायलाही मोठी आणि भरदार होते, पण आतून दोरे धरते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जून भेंडी झाडावर तशीच राहिली तर झाडाची शक्ती त्या बियांकडे जाते आणि नवी फुले कमी येतात. म्हणून भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. तोडणी म्हणजे पिकाचा शेवट नव्हे, तोडले म्हणून पुढचे येते. हे वनस्पतिशास्त्र मला आज सांगता येते. त्या वेळी ते मला माहीत नव्हते आणि तिसरीतल्या मुलीला माहीत होते.

आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचा गट १५ ऑगस्टला ध्वजवंदनासाठी त्या गावी जाणार होता. परसबागेची पहिली तोडणी त्याच दिवशी, पाहुण्यांच्या हस्ते, सर्व ग्रामस्थांसमक्ष व्हावी, अशी सूचना मी गुरुजींना केली. अहवालाला चांगली छायाचित्रे मिळतील, हा विचार माझ्या मनात होता, तो लपवण्यात अर्थ नाही. गुरुजी भिडस्त, ते हो म्हणाले. ९ ऑगस्टला नागपंचमी होती. त्या दिवशी काही चिरायचे नाही, कापायचे नाही, जमीन उकरायची नाही, त्यामुळे वाफ्याकडे कोणी फिरकले नाही. दुसऱ्या दिवशी शनिवारी मी पोहोचले तर तिसरीतील एक मुलगी वाफ्याशीच माझी वाट पाहत उभी होती.

"ताई, आज तोडाय पायजे. गुरुवारपतूर जून व्हईल."

मी तिला काय सांगितले ते लिहिताना आज संकोच वाटतो. थोडा धीर धरावा, सर्वांनी मिळून तोडण्यात अधिक आनंद असतो, असे काहीतरी मी बोलले. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने एक भेंडी हातात धरली, टोक अंगठ्याने किंचित वाकवले, मोडले मात्र नाही, आणि निघून गेली. ते टोक त्या दिवशी मोडले असते तर कट्कन मोडले असते, एवढेच ती मला दाखवत होती.

गुरुवारी तोडणी झाली. पाहुण्यांनी तीन भेंड्या तोडल्या, टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली, मग मुलांना "आता तुम्ही तोडा" असे सांगण्यात आले. दोन टोपल्या भरल्या. भेंड्यांचा आकार पाहून पाहुणे प्रसन्न झाले. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी टोपलीतील एक भेंडी घेतली आणि टोक मोडून पाहिले. ते वाकले, मोडले नाही. दुसरी घेतली, तिसरी घेतली. "आता ह्याचं बी धरा," एवढेच त्या म्हणाल्या. थोड्या भेंड्या बियांसाठी वाळत ठेवल्या, बाकीच्या गावातील शेळ्यांनी खाल्ल्या. माझ्या वहीत त्या दिवसाचे वजन नोंदलेले आहे आणि ते पूर्ण हंगामातील सर्वांत मोठे आहे. ज्या दिवशी एकाही ताटात भाजी पडली नाही त्या दिवसाचा आकडा सर्वांत मोठा निघावा, याहून माझ्या मोजमापाची वेगळी परीक्षा कोणती घ्यायची? मुले त्या दिवशी गप्प होती. नाराज नव्हती, असे मला तेव्हा वाटले. त्यांना खाऊ मिळाला होता.

परतताना बसमध्ये मला एकच गोष्ट खुपत होती. भाजी वाया गेली याचे एवढे वाईट वाटत नव्हते, कारण वाफ्यात आणखी भेंडी येणारच होती. परंतु पन्नासहून अधिक दिवस त्या मुलांनी जे पाहिले, मोजले, राखले, त्या साऱ्याचा निवाडा करण्याचा एकच क्षण होता. 'आज तोडायची की उद्या' हा तो निवाडा. तो त्यांना करता येत होता आणि मी तो त्यांच्या हातून काढून घेतला होता. पाणी घालणे, खुरपणे ही कामे सांगून करून घेता येतात. कधी तोडायचे हे मात्र ज्याने पाहिले आहे त्यालाच कळते. परसबागेत शिक्षण म्हणून जे काही आहे, ते या एका निर्णयात गोळा होते, असे माझे मत झाले. तोडणीचा आनंद हाही याच निर्णयाला लागून आलेला आहे. तो वेगळा काढून समारंभात वाटता येत नाही.

पुढच्या आठवड्यात गुरुजींनी आपणहून एक बदल केला. ज्या इयत्तेचा वाफा, तिनेच तोडणीचा दिवस ठरवायचा, मधली सुट्टी होण्यापूर्वी फक्त फळ्यावर लिहायचे. एवढ्या साध्या बदलानंतर जे घडले त्याने माझी वही भरली.

तिसरीच्या त्या मुलीने आईच्या पिशवीतून रंगीत लोकरीचे तुकडे आणले. आज जे फूल उमलले त्याच्या देठाला आजचा रंग. सोमवारचा लाल, मंगळवारचा निळा, याप्रमाणे. सहाव्या दिवशी त्या रंगाच्या भेंड्या तोडायच्या. आठवड्यात तिच्या लक्षात आले की, ढगाळ दिवस लागले तर सहाऐवजी सात दिवस लागतात. चौथीने हे फळ्यावर मांडले. भेंडीच्या लवेने हाताला खाज सुटते म्हणून एकीने जुने मोजे हातात घातले, तर एका मुलाने तिला 'डॉक्टरीण' म्हणून चिडवले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मोजे घालून आला. पहिलीतील मुले वाफ्यातच बसून कोवळी भेंडी कच्ची खात. गुरुजी तिकडे पाठ करून उभे राहत.

प्रत्येक भाजीच्या तोडणीची गंमत निराळी असते, हे मला मुलांच्या चेहऱ्यांवरून कळले. भेंडीत मोजण्याची आहे. गवारीत चिकाटी लागते, कारण मूठभर शेंगांना अर्धा तास जातो, आणि म्हणूनच ती मोठ्यांपेक्षा लहानांना अधिक मानवते. दोडक्यात शोधण्याची मौज आहे. तो पानाआड लपतो, हिरव्यात हिरवा. काल कुणालाच न दिसलेला हातभर दोडका आज एखाद्याला सापडतो, आणि त्या दिवशी तो मुलगा शाळेत राजा असतो. दोडक्याचे आणखी एक रहस्य आहे. त्याची फुले संध्याकाळी उमलतात. त्यामुळे शाळेच्या वेळेत ती कधी उमललेली दिसतच नाहीत, कळ्या तरी दिसतात नाहीतर कोमेजलेली फुले. शाळेच्या मागेच ज्याचे घर, त्या दुसरीतील मुलाने ही बातमी आणली. तेव्हा एका संध्याकाळी अर्धी शाळा पुन्हा कुंपणाशी जमली. नर फूल कोणते आणि मादी फूल कोणते, हे गुरुजींना सांगावे लागले नाही. ज्या फुलाच्या मागे बोटाएवढा दोडका आधीपासूनच असतो ते दोडक्याचे, बाकीची 'नुसती फुले', अशी मुलांनी स्वतःच विभागणी केली. 'नुसत्या फुलां'चा उपयोग काय, हा प्रश्न मात्र दोन दिवस पुरला.

मुळ्याचा आनंद सर्वांत गोंगाटाचा. वरून पाने सारखी, खाली काय आहे ते उपटल्याशिवाय कळत नाही. एकाचा मुळा मनगटाएवढा, दुसऱ्याचा करंगळीएवढा, तिसऱ्याचा खडा लागून दोन पायांचा झालेला. दोन पायांच्या मुळ्याला मुलांनी कापडाची चिंधी नेसवली आणि तो दिवसभर शिक्षकांच्या टेबलावर बसून होता.

आता थोडे पुस्तकांकडे वळते. बागेतून शिकवण्याची कल्पना नवी नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे 'मुलांची बाग', असे नाव दिले ते केवळ उपमा म्हणून नव्हे. त्यांच्या शाळेत खरीखुरी बाग असावी आणि तिच्यात दोन प्रकारचे वाफे असावेत, अशी त्यांची योजना होती. एक भाग सर्वांचा आणि एक छोटा वाफा प्रत्येक मुलाचा स्वतःचा. स्वतःच्या वाफ्यात मूल आपल्या मर्जीने काहीही लावू शके. आपण बालवाडीला किंडरगार्टन हे नाव घेतले, गाणी आणि ठोकळे घेतले. वाफे मात्र मागेच राहिले.

आपल्या महाराष्ट्रात याविषयी जोतीराव फुले यांचे निवेदन वाचण्यासारखे आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जी लेखी साक्ष दिली तीत प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, आणि प्रत्यक्ष शिकवण्यासाठी शाळेला जोडून एक लहानसे नमुन्याचे शेत असावे, असे सुचवले होते. शेतकऱ्यांच्या मुलांना शाळा आपली वाटावी, तेथील ज्ञान त्यांच्या उपयोगी पडावे, ही तळमळ त्यामागे आहे. वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, त्याच्या पंचावन्न वर्षे आधीची ही सूचना आहे, हे आपल्याकडे क्वचितच ध्यानात घेतले जाते.

वर्ध्याच्या योजनेत, म्हणजेच पुढे 'नई तालीम' म्हणून ओळखल्या गेलेल्या शिक्षणात, हस्तोद्योग हा केंद्रस्थानी होता. डॉ. झाकिर हुसेन समितीने जे मूलोद्योग सुचवले त्यांत सूतकताईबरोबरच शेती आणि फळे-भाजीपाल्याची बागही होती. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचे वेतन, निघावे ही गांधीजींची अपेक्षा होती, आणि याच मुद्द्यावर त्या काळी सर्वाधिक टीका झाली. मूल शिकते आहे की राबते आहे, हा तो प्रश्न. माझ्या अल्प अनुभवावरून मला वाटते की, हा प्रश्न ऐतिहासिक मानून मिटवता येत नाही. मी स्वतः तोडणीकडे वजनाच्या डोळ्यांनी पाहत होते, तेव्हा मीही उत्पादनालाच शिक्षण समजत होते. फरक एवढाच की, गांधीजींना त्या उत्पादनातून शाळा चालवायची होती आणि मला अहवाल.

हा प्रश्न मला पुस्तकात भेटण्याआधी गावात भेटला. सप्टेंबरच्या आरंभी एक पालक शाळेत आले. दुसऱ्याच्या रानात मजुरी करणारे कुटुंब. त्यांनी गुरुजींना सरळ विचारले, "घरी बी खुरपं आन् साळंत बी खुरपं? मग साळंत धाडायचं कशाला?" यावर हसण्यासारखे काहीच नव्हते. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या खुरप्यानेच पोट भरले, त्या घराने शाळेकडून पाटी-पेन्सिलीची अपेक्षा करणे हे न्याय्यच आहे. श्रमप्रतिष्ठेचे धडे बहुधा ज्यांच्या वाट्याला श्रम आलेले नाहीत तेच देतात, असे मला वाटते, आणि त्यात मी स्वतःलाही धरते.

गुरुजींनी त्यांना फार काही समजावले नाही. तिसरीचा फळा दाखवला. त्यावर रंगांची आठ दिवसांची नोंद होती आणि ती त्यांच्याच मुलीच्या हातची होती. त्यांनी ती बोट ठेवून वाचून घेतली, पण मत बदलले असे म्हणाले नाहीत. "तास बुडवून नको," इतकेच बोलले. गुरुजींनी ते मान्य केले आणि तेव्हापासून खुरपणी शाळा भरण्यापूर्वी, ज्याला हवी त्यानेच करायची, असे ठरले. मला वाटते, हा तोडगा योग्य होता. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, ज्यांना आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबियातील गुरू म्हणून ओळखतो, त्यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की, शाळेत बागकाम शिकवायचे ते पुढे माळी तयार व्हावेत म्हणून नव्हे किंवा वेळ बरा जावा म्हणूनही नव्हे. माती, प्रकाश, हवा, ओल, कीड आणि माणसाचा इतिहास यांच्याकडे जाणारी ती वाट आहे. पण ड्यूईंचे म्हणणे त्या पालकांच्या भाषेत सांगायचे तर फळ्याचीच गरज होती.

कोसबाडच्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी जे केले त्याची येथे आठवण होते. मुले गुरे राखायला जातात, शाळेत येत नाहीत, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली आणि 'कुरणशाळा' सुरू केली. मुलाच्या वाट्याला आलेले काम नाहीसे करणे त्यांच्या हाती नव्हते, पण त्या कामाच्या जागी पाहणे, मोजणे, विचारणे नेता येत होते. परसबागेचेही तसेच आहे. दुसऱ्याच्या रानात मूल खुरपते तेव्हा काय पेरायचे, कधी तोडायचे, कोणी खायचे, यांतले काहीच ते ठरवत नाही. शाळेच्या वाफ्यातही ते ठरवणार नसेल, तर त्या दोन खुरप्यांत फरक कोणता, हे पालकांना सांगणे मला तरी जमणार नाही.

कोणी खायचे, हा भाग उरतो. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे दररोज पन्नास ग्रॅम भाजी धरलेली आहे. अडतीस मुलांचे जवळजवळ एक किलो नऊशे ग्रॅम होतात. आमच्या भेंडीच्या चांगल्या दिवशीची तोडणी सव्वा किलोच्या आसपास, आणि तीही एक दिवसाआड. म्हणजे अर्ध्या गुंठ्याची परसबाग मुलांना पुरी भाजी देत नाही, देऊ शकणारही नाही. २०१९ मध्ये केंद्र शासनाने शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून बागेकडे आहाराचा पुरवठा म्हणून पाहण्याची वृत्ती वाढली आहे. पूरक म्हणून ते ठीकच आहे. मुख्य पुरवठा बाजारातूनच व्हावा लागतो, हे साध्या गणितानेच दिसते, आणि हे गणित चौथीने माझ्याआधी केले होते.

मग सव्वा किलो भेंडी अडतीस जणांत कशी वाटायची? मुलांनी तीन दिवस भांडून एक रीत काढली. एका तोडणीची भेंडी मावशींच्या पातेल्यात, बटाटा घालून. पुढच्या तोडणीची पाच जणांनी पाळीपाळीने घरी न्यायची. घरी न्यायची पाळी आली की पिशवी आणायला कोणी विसरत नसे. आपण पिकवलेली भाजी मुले आवडीने खातात, असे सर्रास लिहिले जाते. माझ्या वहीतील नोंद इतकी सरळ नाही. दोडक्याची भाजी पहिल्या दिवशी सर्वांनी संपवली, दुसऱ्या वेळी थोडी उरली आणि तिसऱ्या वेळी फोडी नेहमीप्रमाणे ताटाच्या कडेला रचलेल्या होत्या. ज्याने वेल कुंपणावर चढवला होता त्या मुलाने तेवढ्या निमूटपणे खाल्ल्या. शेवटी मावशींनी दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी केली, ती मात्र पुन्हा मागून खाल्ली गेली. आनंद तोडणीचा वेगळा आणि जिभेचा वेगळा.

ऋषिपंचमी त्या वर्षी ८ सप्टेंबरला होती. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, माणसाच्या हातांनी पिकवलेलेच खायचे, ही आपल्याकडील जुनी रीत. आता बाजारात त्या भाजीचे जुडे बांधून मिळतात, त्यांमागे बैल होता की ट्रॅक्टर हे कोण विचारतो? पण गावातल्या दोन-तीन वृद्ध आजींना आठवले की, शाळेच्या मागच्या जागेत नांगर कधीच फिरलेला नाही. गणपतीची सुट्टी लागण्यापूर्वी त्या शाळेच्या फाटकाशी आल्या. मुलांची सभा भरली. विकायची की द्यायची, यावर दोन पक्ष पडले. चौथीतील एकाने किलोचा भावही सांगितला. अखेर पहिलीतील एका मुलीने, "माझी आजी हाय ती," असे म्हटले आणि प्रश्न निकालात निघाला. मूठभर भेंडी, चार गवारीच्या शेंगा, दोन दोडके आणि माठ नव्हता म्हणून पालक, असे वाटे त्यांनी वर्तमानपत्रावर मांडले. आजींनी मुलांच्या पायांवर पाणी घालायचे तेवढे बाकी ठेवले. मला त्या दिवशी नोंद करायची आठवण राहिली नाही.

पावसाळा संपला. वाफे हळूहळू रिकामे झाले. १९ ऑक्टोबरच्या शनिवारी माझी शेवटची फेरी होती. पहिलीच्या वाफ्याच्या कडेची भुईमुगाची ओळ तेवढी उभी होती, खालची पाने पिवळी पडलेली. भुईमुगाचे फूल वर येते, पण शेंग जमिनीत धरते. फुलानंतर एक आरी निघते, ती खाली वाकून मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग होते. पावसाळाभर पहिलीच्या मुलांनी त्या आऱ्या बोटांनी उकरून पाहिल्या होत्या आणि परत पुरल्या होत्या. त्यामुळे काही वेल वाळलेही. गुरुजींनी त्याबद्दल कोणाला रागावल्याचे मला आठवत नाही.

तोडणी आजच करायची, हे पहिलीने सकाळीच फळ्यावर लिहिले होते. 'भुईमूग'मधला दीर्घ ऊकार ऱ्हस्व होता. ओल बेताची होती, वेल सहज वर आले. मातीसकट शेंगांचा घोस हातात धरून सहा वर्षांचा एक मुलगा खाली बसला आणि एक एक शेंग तोडून पुढ्यात रचू लागला. बाकीची मुले दाणे फोडून खात होती, मातीच्या हातांनी गुरुजींना देत होती, मलाही दिले. कोवळ्या दाण्यांची ती दुधट गोडी मी पुष्कळ दिवसांनी चाखली. या मुलाचा हात मात्र खाण्याकडे जात नव्हता. मी भ्रमणध्वनी काढून त्याच्यासमोर बसले आणि छायाचित्र घेऊ का, असे विचारले.

"थांबा की ताई," तो मान वर न करता म्हणाला, "मोजून हुंद्या."

मी थांबले. सव्वीस निघाल्या.